पेन्सिलीची ओळ

रविवार, रात्री उशिरा

सगळे जाऊन तास झाला. फासे पिशवीत गेले, नकाशा गुंडाळून ठेवला, तरी झोप येत नाहीये. आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि नियम व फासे वापरून गोष्ट पुढे न्यायची. खेळ मी चालवते. आजच्या सेशनमधल्या त्या नदीच्या प्रसंगाबद्दल लिहून मोकळं व्हावं म्हणून बसले.

पूल कोसळला तेव्हा आमचा जादूगार आधीच बेशुद्ध होता. योद्ध्याने त्याला घट्ट धरलं आणि दोघंही पाण्याखाली गेले. आता श्वास किती वेळ पुरणार? मी काही बोलायच्या आत दोघांच्या हातात मोबाइल होते, आणि अर्ध्या मिनिटात दोघांनाही नियम सापडला. फक्त तो एक नव्हता. योद्ध्याचा कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या काटकपणाचा आकडा) २, म्हणजे तीन मिनिटं श्वास रोखता येतो, इथपर्यंत दोघांचं जमत होतं. पुढे एकाच्या मोबाइलवर होतं, आणखी दोन राउंड (प्रत्येकाची एकेक टर्न झाली की एक राउंड) आणि मग हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेली ताकद, थेट शून्यावर. दुसरीच्या मोबाइलवर होतं, प्रत्येक टर्नच्या शेवटी थकव्याची एक पातळी वाढते आणि सहाव्या पातळीला मृत्यू. दोघंही बरोबर होते. पहिला नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या पुस्तकातला, दुसरा २०२४च्या. राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे १२ सेकंद की ३६, एवढा प्रश्न. पण टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते, कारण त्या जादूगारावर आमचा जीव आहे.

मी शेल्फवरून जुनं पुस्तक काढलं. त्याचा कणा केव्हाच सुटलाय, आतून चिकटपट्टी लावली आहे. बुडण्या-गुदमरण्याचं पान शोधावं लागलं नाही, तिथे कोपरा दुमडलेला होता. आणि समासात पेन्सिलीने, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘बेशुद्ध माणूस श्वास रोखू शकत नाही. मिनिटं मोजायची नाहीत, थेट राउंड.’

ते अक्षर आमच्या जुन्या मैत्रिणीचं. ती आता खेळत नाही. तिचंच पात्र एका पूर आलेल्या तळघरात अडकलं होतं, तेव्हा पाऊण तास वाद घालून आम्ही हे ठरवलं होतं, आणि नियम तिच्या विरोधात जात असूनही तिनेच तो लिहून ठेवला. आज मी ती ओळ मोठ्याने वाचली. कुणी हरकत घेतली नाही. जादूगाराचा मॉडिफायर शून्य, म्हणून त्याला कमीत कमी, म्हणजे एकच राउंड मिळाला. योद्ध्याने त्या एका राउंडमध्ये त्याला वर काढलं. वीस बाजूंच्या फाशावर १७ पडले.

छापील पुस्तकं जाणार आणि सगळं पडद्यावर येणार, हे मी बरीच वर्षं ऐकते आहे. अर्धं तर होऊनही गेलंय, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तयारी करताना मी स्वतः शोधखिडकीत शब्द टाकते, राक्षसांची आकडेवारी चाळते, लढाईचा क्रम लॅपटॉपवर लावते. ३८४ पानांच्या पुस्तकात एक ओळ शोधताना सेशन थंड पडतं, हे मी पाहिलंय. आमच्यातल्या एकाला बारीक टाइप वाचता येत नाही. अक्षर मोठं करता येऊ लागलं तेव्हापासून तो आपले मंत्र स्वतः निवडतो, दुसऱ्याला विचारत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी डिजिटलच्या बाजूने भांडेन. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाचे नियम तर प्रकाशकाच्या संमतीने ‘आर्काइव्हज ऑफ नेथिस’ या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे नवखा माणूस खिशात हात न घालता खेळायला बसतो.

मला काळजी वाटते ती पडद्याची नाही, पडद्यामागच्या मालकीची. २०२४च्या ऑगस्टमध्ये ‘डी अँड डी बियाँड’ने, म्हणजे या खेळाच्या अधिकृत ऑनलाइन सेवेने, जाहीर केलं होतं की कॅरेक्टर शीटवरचे (पात्राची सगळी माहिती असलेल्या पानावरचे) जुने मंत्र आणि जादुई वस्तू बदलून त्या जागी नव्या आवृत्तीतले येतील. चालू कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या, मधोमध! खेळाडू इतके चिडले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. पण बदलणं त्यांच्या हातात होतं, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना दिसलं. त्याआधी, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीची ऑनलाइन साधनं मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या ब्राउझरमधल्या तंत्रावर चालत होती. ते तंत्र मागे पडलं आणि २०२० उजाडताना ती साधनंही बंद झाली. त्याच आवृत्तीची छापील पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत, ते आजही खेळू शकतात.

पीडीएफची गोष्ट निराळी. ती माझ्या डिस्कवर असते, तिच्यात कुणी परस्पर फेरफार करत नाही. २००९मध्ये या खेळाच्या प्रकाशकाने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, पीडीएफची विक्री एकाएकी थांबवली आणि ती परत सुरू झाली २०१३मध्ये. मधल्या काळात ज्यांनी आधीच उतरवून घेतल्या होत्या त्यांचं काही अडलं नाही. म्हणून ‘छापील की डिजिटल’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुझ्याकडे राहणार आहे का ते?

मला वाटतं, नियम शोधायचं काम पुस्तकाकडून सुटेल, बहुतेक सुटलंच आहे. पुस्तकं कमी विकत घेतली जातील, पण जी घेतली जातील ती टेबलावर ठेवण्यासाठी, चांगल्या कागदाची, मजबूत बांधणीची. छोटे प्रकाशक आताच आधी पीडीएफ काढतात आणि मागणी आली तर तेवढ्याच प्रती छापतात. आणि हा खेळ मुळातच लिहून भर घालायचा आहे. १९७४ची पहिली आवृत्ती म्हणजे एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या अवघ्या १००० प्रती. त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक टेबलाला आपापले नियम जोडावेच लागले. ती जोडणी कुठेतरी उतरवून ठेवायला हवी, आणि ॲपमध्ये टिपण लिहायची सोय असली तरी ते टिपण पुढच्या अपडेटनंतर माझ्या हाती राहील याची खात्री मला वाटत नाही.

जाता जाता योद्धा खेळणारीने विचारलं, ‘पुढच्या वेळी २०२४चा नियम घ्यायचा का? थकव्याचा प्रकार जास्त थरारक वाटतो.’ मला पटलं. शुद्धीवर असलेल्यासाठी नवा नियम, बेशुद्धासाठी आपला जुना. सगळ्यांनी होकार दिला.

आत्ताच पेन्सिलीला टोक करून, त्या झुकत्या अक्षराच्या खाली तारीख घालून ते लिहिलं. समास जवळजवळ भरलाय. अजून दोन ओळी मावतील.