‘मध्ये उशी लावा ना, मॅडम!’ : बेडसाइड क्रिब घेतानाचा माझा अनुभव

बेडसाइड क्रिब म्हणजे आपल्या पलंगाला चिकटवून लावायचा, एक बाजू खाली होणारा बाळाचा छोटा पलंग. त्याच्याबद्दल दुकानात काहीही विचारा, उत्तर तयार असतं. कापड धुता येतं का, चाकांना ब्रेक आहे का, घडी करून गाडीच्या डिकीत मावेल का, गुलाबीऐवजी राखाडी मिळेल का. फक्त एक विचारू नका: पलंगाकडची बाजू खाली केल्यावर तिची वरची कड जमिनीपासून किती इंचावर येते? ती आपल्या गादीच्या पातळीला यायला हवी, म्हणून हा आकडा लागतो. हा प्रश्न मी पुण्यातल्या मोठमोठ्या दुकानांत विचारला, कस्टमर केअरला फोनवर विचारला, मेलवर विचारला. कुणाकडेही आकडा नव्हता. मुलगी आता घरभर रांगते, क्रिब दुसऱ्या घरी गेलासुद्धा, पण माझा त्या आकड्यावरचा राग काही पुरता उतरलेला नाही.

क्रिब घ्यायचा की नाही, यावर आमच्याकडे फार वाद झाला नाही. आई म्हणाली, “तुम्ही दोघं झोळीत आणि माझ्या कुशीत वाढलात, काय वाकडं झालं?” पण आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं: निदान पहिले सहा महिने बाळ तुमच्या खोलीत, पण तुमच्या गादीवर नाही. उताणं झोपवायचं, गादी घट्ट आणि सपाट, आणि त्या गादीवर बाळाशिवाय दुसरं काही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या शिफारसींतही हेच आहे. शिवाय सिझर झालंच तर रात्री दर दोन तासांनी उठून उभं राहण्यापेक्षा बसल्या जागी बाळ उचलता आलं तर बरं, एवढा साधा विचार.

आता मूळ मुद्दा, आमचा बेड. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतो तसा सुताराकडून करून घेतलेला प्लायवूडचा बॉक्स बेड, वर सनमायका, आत हायड्रॉलिक स्टोरेज. खाली कचरा आणि झुरळं जाऊ नयेत म्हणून सुताराने चारी बाजूंनी थेट फरशीपर्यंत बंद केलेला. आणि बेडसाइड क्रिब ज्यांनी कुणी बनवला त्यांच्या डोक्यात बेड म्हणजे चार पायांचा, खाली मोकळा. क्रिबचे पाय बेडखाली सरकतात, म्हणून तर तो गादीला चिकटून बसतो. आमच्याकडे पाय सरकणार कुठे? ते प्लायवूडवर आपटतात आणि क्रिब तिथेच थांबतो, गादीपासून चांगला चार-पाच इंच लांब.

ही चार-पाच इंचांची फटच या सगळ्या प्रकरणातली खरी भीतीची गोष्ट आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. अंग फटीत घसरतं, डोकं वर अडकतं, आणि मान सावरायची ताकद त्या जिवात नसते. म्हणून क्रिब गादीला घट्ट भिडलेला हवा आणि पट्ट्यांनी बांधलेला हवा. नाहीतर त्याची चौथी बाजू वर करून तो सरळ सुटा वापरायचा. अर्धवट लावलेला क्रिब हा सगळ्यात वाईट प्रकार.

मी ऑनलाइन मागवण्याआधी हे सगळं लेखी विचारलं होतं. बेड खालून बंद आहे, फरशीपासून गादीच्या वरपर्यंत २१ इंच आहेत, फोटोही जोडले. उत्तर आलं, “आमचं उत्पादन सर्व स्टँडर्ड बेडसाठी योग्य आहे. सहा लेव्हलमध्ये ॲडजस्ट होतं.” सहा लेव्हल म्हणजे कुठून कुठपर्यंत? वेबसाइटवर लांबी, रुंदी आणि एकूण उंची होती. एकूण उंची म्हणजे चारी बाजू वर असतानाची. त्या आकड्याचा मला काय उपयोग? पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर पुन्हा चिकटवून आलं, या वेळी शेवटी एक हसरा चेहरा जोडून.

क्रिब आला, जोडला, आणि बेडपासून लांब उभा राहिला. फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, मध्ये एक उशी लावा ना. नाहीतर टॉवेलची गुंडाळी. बरेच कस्टमर तसंच करतात.”

मी विचारलं, हे तुमच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय का? कारण पुस्तिका माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत नेमकं उलट लिहिलं होतं: फट राहिल्यास वापरू नका, फटीत काहीही भरू नका. उशी दबते, सरकते, फट पुन्हा उघडते. आणि बाळाचं नाक त्या मऊ उशीत गेलं तर त्याला मान वळवता येत नाही. तो म्हणाला, “मी सीनियरशी बोलून कॉल बॅक करतो.” कॉल बॅक अर्थातच आला नाही.

मग परत पाठवण्याची भानगड. “पॅकिंग उघडलेलं आहे, जोडणी केलेली आहे, त्यामुळे रिटर्न होणार नाही.” जोडल्याशिवाय बेडला बसतो की नाही हे कळणार कसं, याचं उत्तर नाही. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून गोष्ट, रोज “गैरसोयीबद्दल क्षमस्व”. आठव्या महिन्यात पाय सुजलेले असताना ते क्षमस्व ऐकून माझं रक्त किती उसळायचं ते नवऱ्याला विचारा. तो बिचारा शेजारच्या खोलीत जाऊन बसायचा.

शेवटी सुटलं ते त्या लेखी उत्तरामुळे. ‘सर्व स्टँडर्ड बेडसाठी योग्य’ हे त्यांचंच वाक्य, माझा फोटो आणि २१ इंचांचा आकडा एकाच मेलमध्ये टाकून तो थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात द्यावा लागतो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली आणि तो नोंदणी क्रमांक मेलमध्ये घातला. त्यानंतर अचानक सगळ्यांना मराठीही यायला लागलं. पिकअप झाला, पैसे परत आले. तेव्हा सांगणं एवढंच: फोनवर विचारलेलं हवेत जातं, खरेदीआधीचा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरा क्रिब दुकानात जाऊन घेतला, टेप पर्समध्ये टाकून. दुकानात तो त्यांच्या शोच्या लोखंडी पलंगाला अगदी सुंदर चिकटला होता, साहजिकच, खाली मोकळी जागा होती. मी सेल्समनला म्हटलं, हा पलंगापासून काढा आणि त्या भिंतीला लावा, भिंत म्हणजे माझा बेड. बहुतेक मॉडेल भिंतीपासून लांब राहिली. एकाचे पाय आतल्या बाजूला दुमडता येत होते, तेवढंच भिडलं. मग मी स्वतः प्रत्येक लेव्हलला टेप लावून कडेची उंची मोजली आणि फोनमध्ये लिहून घेतली. आमच्या २१ इंचांना एक लेव्हल जुळत होती. तिथल्या सेल्समनचंही म्हणणं, “ताई, एवढं कोण मोजतं? इकडेतिकडे झालं तर उशी लावायची.” मी काहीच बोलले नाही. बिल करा म्हटलं.

गादी मोजताना एक लक्षात ठेवा, रिकामी गादी मोजू नका. आमची वरची फोमची गादी माणूस आडवा झाला की कडेला इंचभर तरी दबते. नवऱ्याला झोपवून मोजलं, मगच आकडा खरा आला. आमच्या पुस्तिकेप्रमाणे खाली केलेल्या बाजूची वरची कड आपल्या गादीच्या पातळीला हवी आणि बाळाची गादी तिच्याहून खाली. म्हणजे मध्ये छोटा बंधारा राहतो, बाळ आपल्याकडे गडगडत नाही आणि आपणही त्याच्यावर जात नाही. युरोपच्या ईएन ११३० या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत हा बंधारा किमान १२ सेंटीमीटर मागितला आहे. बाजू पूर्ण गादीपर्यंत उघडणारी जुनी मॉडेल दिसायला छान, हात सहज जातो, पण मी ती घेतली नाहीत.

मानकावरून आठवलं. एका दुकानात “आयएसआय आहे मॅडम” म्हणून मला खोक्यावरचा शिक्का दाखवला. चष्मा लावून वाचलं तर तो वर टांगायच्या खेळण्याचा होता! खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून तो शिक्का सक्तीचा आहे, त्याचा क्रिबच्या मजबुतीशी काही संबंध नाही. क्रिबच्या लेबलवर ईएन ११३० किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ २९०६ लिहिलंय का ते बघायचं. खेळणं मी लावलंच नाही.

‘अँटी रिफ्लक्स’ नावाची आणखी एक गंमत विकतात. डोक्याकडचा भाग उंच करायचा, म्हणजे म्हणे बाळ दूध काढत नाही. डॉक्टर म्हणाले, सपाट म्हणजे सपाट. उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. अमेरिकेत फिशर-प्राइसचे ‘रॉक अँड प्ले’ हे तिरके झोपाळे एप्रिल २०१९ मध्ये परत मागवले गेले, सुमारे ४७ लाख नग. २०२२ च्या कायद्याने तर तिथे दहा अंशांपेक्षा जास्त उताराची बाळांची झोपण्याची साधनं आणि क्रिबच्या कडेला लावायचे गुबगुबीत बंपर विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे बारशाच्या आहेरात बंपर, लोड आणि मोहरीची उशी असा संच हमखास येतो. आमच्याकडेही आला. मालिशवाल्या मावशी मोहरीच्या उशीसाठी हटून बसल्या, “डोकं चपटं होईल, मग मला बोल लावू नका.” डोकं गोल व्हायला बाळ जागं असताना पोटावर पालथं ठेवतात, ते आम्ही मावशींसमोरच केलं. उशी कपाटात गेली.

माहेरी सांगलीला क्रिब नेला तर तिथे वेगळीच गोष्ट. आजोबांचा सागवानी पलंग, खाली भरपूर मोकळी जागा, पण गादीच्या बाहेर लाकडाची रुंद कड. पाय सरकले, तरी दोन गाद्यांच्या मध्ये ती कड उरलीच. मग तिथे तीन महिने चौथी बाजू वर करून, पलंगाशेजारी हाताच्या अंतरावर सुटा वापरला. टाके असताना उठावं लागायचं, आई बाळ उचलून द्यायची. जोडूनच वापरला पाहिजे असं काही नसतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

पुण्यात परत आल्यावर पट्टे. ते आमच्या गादीखालून पलीकडच्या कडेपर्यंत जातात आणि तिथे अडकतात. पाय दुमडलेले असल्यामुळे सगळी मदार या पट्ट्यांवर, म्हणून रोज रात्री सांध्यावरून हात फिरवायचा, ढिला वाटला की ओढायचा. हायड्रॉलिक बेडवाल्यांनी हे आधीच वाचून ठेवा: झाकण उघडायचं तर पट्टे सोडायला लागतात. सहा महिन्यांत लागतील ती पांघरुणं, बॅगा, पाहुण्यांच्या चादरी आधीच बाहेर काढा. आम्ही काढल्या होत्या, सासूबाईंची पैठणी सोडून.

आपलं पांघरूणही क्रिबपासून लांब ठेवायचं. मी कमरेपर्यंतच घ्यायचे, थंडी असली की स्वेटर. क्रिबच्या गादीवरचं कंपनीचं प्लॅस्टिक काढून टाका, वर घट्ट बसणारी एकच चादर. ‘मऊ वाटावी म्हणून’ दुसरी गादी घालायची नाही, तिने कडेला नवी फट तयार होते. डासांसाठी क्रिबवरची लोंबती मच्छरदाणी काढली आणि खिडक्यांनाच जाळ्या मारून घेतल्या, सुताराने या वेळी सांगितलं तेवढंच केलं. क्रिब घेताना बाजूंना जाळी असलेला घ्या, पुण्यातल्या ऑक्टोबरमध्ये बरं पडतं आणि झोपल्या झोपल्या बाळ दिसतं. जुना घेत असाल तर पट्टे, बकल आणि पुस्तिका तिन्ही आहेत का ते बघा. एक जरी पट्टा कमी असेल तर फुकट मिळाला तरी नको.

पाचव्या महिन्याच्या आसपास ती एका सकाळी पालथी पडून हातांवर छाती उचलून माझ्याकडे बघत होती. पुस्तिकेप्रमाणे मूल हातांवर किंवा गुडघ्यांवर उठू लागलं की क्रिब बंद, वय काहीही असो. त्याच दुपारी पट्टे सोडले आणि तिच्यासाठी उंच कठड्याची मोठी कॉट आणली. “एवढे पैसे पाच महिन्यांसाठी?” आई फोनवर म्हणाली. त्यानंतर नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांनी क्रिब मागितला आणि बेडचे फोटो पाठवले. फोटो नको म्हटलं, टेप लावून आकडा पाठवा, कुणीतरी झोपलेलं असताना.