लाइट दिसला तेव्हाच का नाही वळलात?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि हे शेवटचं सांगतोय. त्या दिवशी मी छोटं विमान उडवत असताना अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र, बंद पडला. तो गेला की इंजिन बंद पडतं का? नाही. प्लगला ठिणगी मॅग्नेटो देतात, ते इंजिनसोबत फिरून स्वतःची वीज बनवतात, त्यांना बॅटरीशी काही देणंघेणं नाही. इंजिन शेवटपर्यंत मस्त चालू होतं आणि खरं सांगू का, त्यानेच घात केला.

दुसरा प्रश्न जास्त टोचतो. लो व्होल्टेजचा, म्हणजे वीज कमी पडतेय सांगणारा, लाइट दिसला तेव्हा एक छोटी धावपट्टी ८ मिनिटं मागे होती, घर, म्हणजे आमचा विमानतळ, २५ मिनिटं पुढे, मग पुढे का गेलात?

चेकलिस्ट केली होती हो. रेडिओ बंद केले, ब्रेकर बघितला, आतच होता, म्हणजे उडाला नव्हता, अल्टरनेटरचा स्विच एकदा ऑफ-ऑन, कारण व्होल्टेज जास्त झाल्याने तो आपोआप बंद झाला असेल तर तेवढ्याने परत येतो. नाही आला, अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडेच, म्हणजे बॅटरी रिकामी होत होती. मग एक रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र, ठेवून बाकी सगळं बंद केलं आणि हिशोब मांडला, बॅटरी ३० मिनिटं, घर २५, बसतंय. ते ३० मिनिटं चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे. आमची किती म्हातारी होती ते मी कधी विचारलंच नव्हतं, आणि उन्हात तो लाइट लागला कधी तेही माहीत नाही, मी घड्याळ लावलं ते मला दिसल्यापासून!

चौदाव्या मिनिटाला टॉवरशी बोलायला बटण दाबलं तर रेडिओवरचे आकडे मंद झाले. सोडलं, परत आले. ऐकायला करंट थोडा लागतो, बोलायला भरपूर, हे मी परीक्षेत लिहिलंय. तरी पुन्हा दाबलं आणि आकडे गेलेच. ७६००, म्हणजे रेडिओ गेलाय हे सांगणारा कोड, टाकावा म्हणून बघतो तर ट्रान्सपॉन्डर काळा. हेडसेटमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येतो ना, तोही थांबला. फ्युएलचे दोन्ही काटे शून्यावर पडले, टाक्या अर्ध्या आहेत हे निघताना काडी घालून स्वतः बघितलं होतं, तरी पोटात गोळा आला तो आलाच.

टॉवरने हिरवा दिवा रोखून धरला, म्हणजे उतरायची परवानगी दिली, तेव्हा कुठे जीवात जीव. फ्लॅपचा, म्हणजे कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखांना असणाऱ्या पट्ट्यांचा, दांडा खाली केला, मोटरचा घुर्र आवाज येतो तो आला नाही. विना फ्लॅप, ७० नॉट्स, नाक वर, आणि अर्धी धावपट्टी विमान नुसतं तरंगत राहिलं.

आता म्हणाल, नशीब. मागची धावपट्टी आखूड होती, वारा आडवा होता, विना फ्लॅप तिथे अवघड गेलं असतं, हे सगळं खरंय. फक्त हे कारण मला उतरल्यावर सुचलं. वर असताना वाऱ्याचा विचारसुद्धा केला नव्हता, गाडी घरच्या विमानतळावर लावली होती एवढंच डोक्यात होतं.

पुन्हा झालं तर वळाल का, विचारता. हो म्हणतो. पण त्या दिवशी निघायच्या आधी कोणी विचारलं असतं, तरी हो च म्हणालो असतो.