ओर्लांथ सूर्याला परत आणायला निघतो

ओर्लांथनं सूर्याला मारलं. ग्लोरांथा हे खेळांसाठी रचलेलं काल्पनिक जग, आणि त्याच्या धर्मात पाय ठेवायचा तर हे आधी ऐकायला लागतं. येल्म म्हणजे सूर्य, आभाळाचा सम्राट. ज्यानं त्यानं आपल्या पायरीवर राहावं, मान वर करू नये, असा त्याचा कारभार. ओर्लांथ वादळाचा देव. तरणा, तापट, कुणाचं ऐकून न घेणारा. दोघांत चढाओढी लागल्या आणि शेवटी ओर्लांथनं मृत्यू नावाचं नवंच हत्यार येल्मवर चालवलं. सूर्य पाताळात गेला. जग काळोखात बुडालं, गारठलं, आणि त्या काळोखातून केऑस, म्हणजे सगळं गिळणारी अनागोंदी, आत शिरली. मग देवसुद्धा मरायला लागले.

गोष्ट इथंच संपती तर मला ओर्लांथशी काही देणंघेणं नसतं. असे मारामारी करणारे देव खेळांच्या जगात पुष्कळ आहेत. पण हा पठ्ठ्या उठतो आणि आपण मारलेल्याला परत आणायला पाताळाच्या वाटेला लागतो. संगतीला वाटाघाटींचा आणि व्यापाराचा देव इसारीज, विद्येचा ल्हँकोर माय, कुणालाही इजा न करणारी वैद्यीण चलाना अरॉय, भरवशाचा मुळीच नसलेला यूरमल, फ्लेश मॅन नावाचा एक साधा मर्त्य माणूस, आणि गिना जार, जिच्याबद्दल कुणालाच धड सांगता येत नाही. ओर्लांथ धरून सात जण. पाताळात तो ज्याला मारलं त्याच्यासमोर उभा राहतो आणि केल्या कृत्याची जबाबदारी घेतो. दोघांचा समेट होतो, पहाट उगवते आणि तिथून काळ सुरू होतो. मात्र त्या कराराची किंमत अशी, की यापुढं देवांना मन मानेल तसं जगात उतरता येत नाही. जे करायचं ते त्यांच्या नावानं माणसांनी करायचं.

या एका अटीमुळं हा धर्म मला इतका जिवंत वाटतो. ग्रेग स्टॅफर्ड यांनी ग्लोरांथा १९६६ पासून लिहायला घेतलं, म्हणजे १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवून फाशांनी खेळायचा खेळ यायच्याही आधी. ग्लोरांथावरचा रुनक्वेस्ट हा तशाच जातीचा खेळ १९७८ चा. बऱ्याच खेळांत देव म्हणजे कागदावरची एक ओळ असते, उजेडाचा देव निवडला की उजेडाचा मंत्र मिळतो. रुनक्वेस्टमध्ये देवाची दीक्षा घेताना आपल्या पात्राच्या जीवशक्तीतला एक गुण कायमचा अर्पण करायला लागतो. पदरचं काही गेलेलं असतं, म्हणून खेळणारा त्या देवाशी बांधला जातो.

मला याची गोडी लागली ती ग्लोरांथातच घडणाऱ्या किंग ऑफ ड्रॅगन पास या १९९९ च्या संगणकावरच्या खेळानं. त्यात आपण एक कुळ चालवतो. गायी राखायच्या, शेजारच्या कुळाच्या पळवायच्या, रक्तपात झाला तर भरपाई द्यायची. आणि अडचण आली की आपला एक माणूस देवाच्या गोष्टीत पाठवायचा. तिथं त्यानं देवानं केलं तेच करायचं असतं. गोष्ट नीट ठाऊक नसेल तर तो चुकतो आणि कुळाला भोगायला लागतं. मी वही घालून त्या कथा लिहून काढल्या होत्या. कथा पाठ असणं हीच उपासना, हे खेळातून इतकं सरळ कुणी मला कधी दाखवलं नव्हतं.

आता आम्ही वाईत आमच्या माडीवर रविवारी रुनक्वेस्ट खेळतो. मी खेळ चालवते. माझा भाचा ओर्लांथचा योद्धा आहे, आणि शेजारची मुलगी, जी साताऱ्याला नर्सिंग शिकते, ती चलाना अरॉयची. गेल्या महिन्यात गायी पळवायला आलेल्यांपैकी एक जण जखमी होऊन त्यांच्या गोठ्यात सापडला. भाचा तिला म्हणाला, "ताई, याला सोड. बरा झाला की परत आपल्यावरच येईल." ती म्हणाली, "येऊ दे. माझी शपथ आहे." आणि तिनं उरलेली सगळी मंत्रशक्ती त्याच्यावर खर्च केली. फासे तिच्या बाजूनं पडले. पुढं त्या माणसाच्या कुळानं गायी परत पाठवल्या. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तिनं इतक्या ठामपणे शपथ पाळल्यावर दुसरं काही घडवणं मला पटेना.

भाच्यानं एकदा विचारलं, "मावशी, सूर्याची माणसं ही गोष्ट कशी सांगतात?" ती अगदी उलटी सांगतात. त्यांच्या लेखी ओर्लांथ बंडखोर, जग बुडवणारा, आणि पाताळात तो शरण आला. मग खरं काय? ग्लोरांथात दोन्ही देवळांत पूजा फळते, तेव्हा दोन्ही खरं. आमच्याकडं हे पटवून द्यायला फार बोलावं लागलं नाही. वाईत कृष्णा एकच, पण सात घाटांवर कृष्णाबाईचे सात उत्सव होतात आणि प्रत्येक आळीला आपली कृष्णाबाई आपलीच वाटते. (आमचं घर गंगापुरीत. त्यामुळं माझा पक्ष ठरलेला आहे.)

ग्लोरांथाचं वर्ष २९४ दिवसांचं. पाच ऋतू आणि शेवटी चौदा दिवसांचा पवित्र काळ. त्या दिवसांत माणसं सूर्य परत आणायचा तो सगळा प्रवास पुन्हा करतात, नाहीतर पुढचं वर्ष धड उगवायचं नाही. आमच्या खेळात तो काळ आता जवळ आलाय आणि सात जणांची सोंगं वाटायची आहेत. भाच्यानं अर्थातच ओर्लांथ मागितला. चलाना अरॉय शेजारची घेईल असं मी धरून चालले होते. पण तिला फ्लेश मॅन हवाय. "बाकीचे देव होते," ती म्हणाली. "हा नुसता माणूस असून गेला." मी हो म्हटलंय. यूरमल घ्यायला मात्र अजून कुणी तयार नाही, आणि त्याच्याशिवाय निघता येत नाही.