बंदीच्या दिवसांतली आमची शाळा

1 जूनला मासेमारीची बंदी लागते ती 31 जुलैपर्यंत, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सेवकांचं ट्रेनिंग आम्ही आता ह्याच दिवसांत बसवतो. आधी मे महिन्यात ठेवायचो, शाळांना सुट्टी म्हणून. पण मे महिन्यात कोकणात मोकळं कोण असतं? आंब्याच्या पेट्या भरणारे पेट्या भरतायत, रिक्षावाल्यांना मुंबईची पाहुणेमंडळी, घरात चाकरमानी. दोन वर्षं चार-चार माणसं आली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता पेरणी उरकली आणि लावणी लागायची आहे, तेवढ्या मधल्या दिवसांत शेतीवाले येतात, होडीवाले पूर्ण दोन महिने येतात. दर शनिवारी दुपारी, मंडळीतल्याच एकाच्या पडवीत. आपापली वही आणायची, चहा घरवाले करतात, झेरॉक्स मी दापोलीहून काढून आणतो, एवढंच.

सेवक म्हणजे पगारी कोणी नाही हां. आमच्या भागात पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक आणि मंडळ्या लांब लांब, महिन्यातून एकदा ते येतात, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, होतं, बाकीचे तीन रविवार हेच लोक उपासना चालवतात. एक तांडेल आहे, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, एक अंगणवाडीत मदतनीस, एक टेम्पो चालवतो, एक मावशी मासळी विकते. ह्यांना पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, तीन वर्षं पाठवा असं सांगणारे खूप भेटले. सेमिनरी चांगली आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 ला यवतमाळला सुरू झाली आणि 1983 पासून पुण्यात आहे, तिथे शिकलेल्या लोकांकडूनच मी शिकलो. पण तांडेलाने तीन वर्षं होडी कोणाकडे द्यायची, आणि मावशीच्या सासूला कोण बघणार?

हा प्रश्न काय आपल्याच कोकणाचा नाही. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन ह्या प्रोटेस्टंट पंथाच्या सेमिनरीला हेच दिसलं, की खेड्यात मंडळी सांभाळणारी माणसं घरसंसार टाकून शिकायला येऊ शकत नाहीत आणि जी येतात त्यातली बरीच परत खेड्यात जात नाहीत. म्हणून 1963 पासून त्यांनी शिक्षकच गावोगाव पाठवायला घेतले, विद्यार्थ्याने घरी धडा करायचा आणि आठवड्याने भेटून त्यावर बोलायचं. आपल्याकडे बंगलोरहून 1971 पासून त्याच पद्धतीने कोर्स चालू झाले. मला ही पद्धत मनापासून पटते, पण तिच्यात एक धरून चाललेलं असतं, की माणूस घरी बसून वाचेल.

आणि तिथेच आमचं अडलं. पहिल्या वर्षी निम्मे लोक धडा न करताच यायचे, मी जरा रागावलोसुद्धा, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मावशी म्हणाल्या, "सर, मला वाचता येत नाय आता." सातवी शिकलेली बाई. मी त्यांना माझा चष्मा दिला, त्यांनी पुस्तक जवळ धरलं, लांब केलं, आणि बायबलातलं अख्खं 23वं स्तोत्र एका दमात वाचून काढलं आणि मग चष्मा काढून पदराने डोळे पुसत बसल्या. चाळिशी लागली होती, बस. पुढच्या शनिवारी मी बाजारातून दीड आणि दोन नंबरचे सहा चष्मे आणले, दीडशे-दोनशे रुपयाला एक. आमच्या ट्रेनिंगमधला सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च हाच.

शिकवायचं काय ह्यावर पण मी चुकलो होतो. मी बायबलातल्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करून सगळ्या 66 पुस्तकांची ओळख वगैरे असा मोठा प्लॅन केलेला. पण ह्या लोकांना पहिलं बोलावणं येतं ते मयताचं. रात्री कोणीतरी जातं, पाळकसाहेब तीन तासांवर, पावसात एसटीचा भरवसा नाही, आणि घरचे दाराकडे बघत असतात की प्रार्थना कोण करणार. म्हणून आता पहिले तीन शनिवार फक्त ह्याच्यावर. त्या घरात शिरल्यावर आधी बोलायचं नाही, बसायचं. देवाने असं का केलं ते सांगत बसायचं नाही, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि त्या आईला ते ऐकायचंही नाही. लाजर ह्या आपल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला तेवढा भाग वाचायचा, एक गीत सगळ्यांना येतं ते घ्यायचं, खड्डा खणणाऱ्यांच्या चहापाण्याचं बघायचं. मग दहाव्या-पंधराव्या दिवशी परत जायचं, तेव्हा गर्दी गेलेली असते.

आणि शिकवताना मी किती शिकतो! गेल्या जूनमध्ये प्रेषितांची कृत्ये, ह्या बायबलातल्या पुस्तकाचा 27वा अध्याय घेतला, येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला जाताना त्याचं गलबत फुटतं तो. 276 माणसं गलबतावर, चौदावी रात्र, पाणी मोजतात तर आधी 20 वाव, थोडं पुढे गेल्यावर 15 वाव. मी नेहमी हा भाग भरभर वाचून पौलाच्या धीरावर यायचो. तांडेल म्हणाला, थांबा सर. उठून उभा राहिला, दोन्ही हात पसरले, हा एक वाव, म्हणाला, दोरी अशी मोजत सोडायची. वीसचे पंधरा झाले म्हणजे किनारा अंगावर येतोय, खडक असणार. मग मी विचारलं की चार नांगर गलबताच्या पाठच्या बाजूने का टाकले, नांगर तर नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, टाकतात ना? तो म्हणाला, "वारा पाठचा हाय. नाळेकडून टाकला तर गलबत गरकन फिरंल. पाठून टाकला म्हंजे तोंड किनाऱ्याकडंच ऱ्हातंय, उजाडलं की दोर तोडायचे आन् सरळ घुसवायचं." आणि पुढे 40व्या ओवीत अगदी तेच लिहिलंय, नांगर तोडून दिले आणि किनाऱ्याकडे निघाले. पडवीत सगळे गप्प. वीस वर्षं मी हा अध्याय वाचतोय आणि मला तो गेल्या जूनमध्ये कळला. त्या रविवारी उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, त्यानेच दिलं, आयुष्यातला पहिला, अकरा मिनिटं, कागद न घेता.

ज्यांना चष्मा लावूनही वाचन जमत नाही त्यांच्यासाठी मोबाईलच्या मेमरी कार्डवर ऑडिओ बायबल भरून देतो, रेंज लागत नाही म्हणून कार्डच बरं. आणि भजन आहेच. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मले, 1861 ला, त्यांनी येशूला अभंगात आणलं ते कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, टाळ हातात दिला की पुरतं. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, हर्णैला आले, गावोगाव शाळा काढल्या, नंतर काम पुण्या-मुंबईकडे सरकलं. माझ्या मते किनाऱ्यावर मंडळीचं काम मागे राहिलं ते आमच्या सेवकांसारख्याच लोकांमुळे, ज्यांची नावं कुठल्या रिपोर्टात आली नाहीत.

मध्ये एका संस्थेने दोन दिवसांचं शिबिर घेतलं आमच्याकडे, प्रोजेक्टर, बॅगा, सर्टिफिकेट, फोटो. लाइट गेली दुसऱ्या दिवशी आणि शिकवणाऱ्यांना पुढे काय करावं सुचेना. त्यांचं मन चांगलं होतं, पण परत कोणी आलं नाही, फोनसुद्धा नाही. माणूस पहिल्यांदा संदेश देतो तेव्हा नंतर त्याच्याशी बसून बोलणारं कोणीतरी लागतं, कुठे छान झालं, कुठे लोकांची तंद्री लागली. ते काम दोन दिवसात होत नाही.

ह्या वर्षी नऊ जण आहेत, त्यात आंब्याच्या बागेत राखणीला असलेला एक नेपाळी मुलगा, मराठी बोलतो पण देवनागरी हळू वाचतो, मावशी त्याच्या शेजारी बसून बोट ठेवून वाचून घेतात. झेरॉक्स पावसात चिकटतात म्हणून प्रत्येकाला दुधाची पिशवी धुऊन दिलीय. दीड नंबरचे चष्मे मात्र संपलेत, शनिवारच्या आत दापोलीला जायला लागेल.