अजून मालदांडीच का?

सुट्टीत पुण्याला गेले की कोणी ना कोणी विचारतंच. परवा मावसबहिणीने पीठ चाळता चाळता विचारलं, "तुम्ही लोक इतकी वर्षं ज्वारीवर संशोधन करता, मग दुकानात अजून मालदांडीच कशी?" शेतकरी हाच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारतात: "मॅडम, मालदांडीपेक्षा बरं काही आहे का?" रब्बी ज्वारीवर काम करताना माझी बरीच वर्षं गेली. म्हणून एकदा नीट सांगते.

मालदांडी ही काही आपोआप आलेली ज्वारी नाही, तीही संशोधनातूनच आली. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतून निवड करत करत एक वाण काढला गेला, मालदांडी ३५-१. ज्यांनी ही निवड केली त्यांच्या नजरेबद्दल मला फार आदर आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार. ताटं उंच, कडबा गोड. आणि रोप कोवळं असताना पान चकचकीत.

या चकचकीत पानाचं महत्त्व खोडमाशी, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या रोपावर अंडी घालणारी माशी, पाहिल्याशिवाय कळत नाही. रोप दोन-तीन आठवड्यांचं असताना पान उलटून बघा. मधल्या शिरेला समांतर एखादं पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं चिकटलेलं दिसेल. अळी पहाटे बाहेर येते आणि पानावरच्या ओलीचा आधार घेत पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरते. आत जाऊन वाढीचा कोंबच कापते. चार दिवसांनी मधला पोंगा वाळतो, चिमटीत धरून ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. आपण याला पोंगेमर म्हणतो. चकचकीत पानावर ओल कमी धरते, त्यामुळे अळीला ती वाट अवघड जाते. मालदांडीला खोडमाशी लागतच नाही असं नाही, पण ती बऱ्यापैकी तग धरते.

आता हायब्रीडचं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपाच्या ज्वारीचं उत्पादन खरोखर वाढलं. दुष्काळाच्या वर्षांत त्या ज्वारीने माणसं जगवली, हे विसरून चालणार नाही. पण खरिपात दाणा भरतो तेव्हा पाऊस चालू असतो. बुरशी लागते, दाणा काळा पडतो, भाकरीला कडवट चव येते. ती भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांच्या तोंडून 'हायब्रीड' हा शब्द आजही कसा येतो ते ऐका. रब्बीत हायब्रीडची अडचण वेगळी होती. पीक डिसेंबरच्या आसपास फुलतं, रात्री थंड असतात, आणि त्या थंडीत अनेक संकरांच्या कणसात दाणा नीट धरत नव्हता.

मुळात रब्बी ज्वारी जगते ती जमिनीतल्या ओलीवर. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची, पुढे पाऊस जवळजवळ नाहीच. म्हणून तर म्हण आहे, एक कोळपणी (पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवणं) अर्धं पाणी. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करतात ती तणासाठी कमी, भेगा बुजवण्यासाठी जास्त. भेगेतून ओल उडून जाते. दाणा भरायच्या वेळेला ओल संपली की ताट आपलंच साठवलेलं अन्न कणसाला देतं आणि आतून पोकळ होतं. मग बुरशी शिरते. त्या रोगाचं नावच खडखड्या. वाऱ्याची एक झुळूक आली की उभं शिवार आडवं.

आमच्या लोकांची चूक कुठे झाली ते मला मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतात कळलं. मी तेव्हा नवीन होते. एक नवा वाण चाचणीसाठी दिला होता. दाणा मालदांडीपेक्षा जास्त आला, वहीत आकडे लिहिताना मी खूश होते. शेतकऱ्याने एक पेंढी सोडून बैलापुढे टाकली. बैलाने हुंगली आणि मान फिरवली. "मॅडम, दाणा बक्कळ हाय, पण कडबा जनावर तोंडात धरंना." मग त्यांच्या मंडळींनी आत बोलावलं. नव्या ज्वारीचं पीठ मळलेलं होतं. थापायला घेतलं तर कडेने चिरा पडत गेल्या, तव्यावर टाकेपर्यंत भाकरी दुभंगली. "पिठाला विरी न्हाई, बाई," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ते बियाणं मागितलं नाही. दुष्काळी वर्षात कडब्याचे पैसे दाण्याच्या तोडीचे होतात, आणि माझ्या वहीत कडब्याला रकानाच नव्हता.

त्यानंतरचं काम मला जास्त प्रामाणिक वाटतं. आता कडबा मोजतात, भाकरी करून बघतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जमिनीची खोली विचारतात. एकाच गावात माळावर वीतभर माती असते आणि ओढ्याकाठी पुरुषभर. दोन्हींना एकच वाण द्यायचा, हे मला तरी पटत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या रानासाठी फुले अनुराधा दिला, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी मोती आहे. म्हणजे मालदांडीपेक्षा बरं आहे, पण कुठल्या रानात ते आधी सांगावं लागतं. आणि मावसबहिणीला मी हेही सांगितलं की दुकानात मालदांडी म्हणून मिळते ती सगळी मालदांडी नसते. पांढऱ्या रब्बी ज्वारीचं ते बाजारातलं नावच होऊन बसलंय.

मला झोप लागू न देणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्वारीचं रान कमी होत चाललंय, आणि त्याचं कारण ना खोडमाशी, ना खडखड्या. मोठं कारण आहे काढणी. फेब्रुवारीच्या उन्हात, कडक झालेल्या काळ्या जमिनीतून एकेक ताट हाताने उपटायचं. तळहात सोलून निघतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, मग शेतकरी हरभऱ्याकडे वळतो, पाणी असेल तर उसाकडे. यंत्रासाठी ताट बुटकं केलं तर कडबा जातो. उंच ठेवलं तर यंत्रात अडकतं. याला अजून मनासारखं उत्तर मिळालेलं नाही.

गेल्या हंगामात आमच्या चाचणीच्या रानात काढणीला आलेल्या बायकांना मी विचारलं, कुठली ओळ उपटायला हलकी जाते? त्यांनी न अडखळता तीन ओळी दाखवल्या. त्या ओळींचं बी वेगळं बांधून ठेवलंय. वहीत कडब्याच्या आणि भाकरीच्या शेजारी आणखी एक रकाना आखलाय, उपटणीचा.