सँक्शनचे पेढे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ‘सँक्शन’ हा शब्द इतका रुळलेला होता, की तो इंग्रजी आहे याची मला शाळेत जाईपर्यंत कल्पनाच नव्हती. वडील एका कचेरीत हिशेबनीस होते आणि त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला, की संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घरात यायचा. रजा सँक्शन झाली की आम्ही आजोळी निघायचो. कर्ज सँक्शन झाले तेव्हा माडीवर एक खोली चढली. शेजारचे गुजराती काका जिन्यातूनच ‘सेंक्शन थई गयुं?’ असे ओरडून विचारत आणि तेही पेढ्याचे हक्कदार ठरत. वडिलांची पेन्शन मात्र बरीच रखडली. सातव्या महिन्यात मंजुरीचे पत्र हाती पडले, तेव्हा आईने ते देवापुढे ठेवून त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावले होते. तो पिवळा-लाल डाग असलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे.

त्यामुळे अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्र पुढे धरून जो प्रश्न विचारला, त्याने मी थोडा गडबडलो. “आबा, सँक्शन म्हणजे मंजुरी ना? मग या देशाला सँक्शन्स मिळाली तर तो एवढा चिडलाय कशाला?” आयुष्यभर नोंदवहीच्या समासात हा शब्द लिहून पेन्शनीत निघालेल्या माणसाला याचे उत्तर तत्काळ द्यायला हवे होते. ते आले नाही, म्हणून बांधणी सुटलेला कोश काढला आणि आम्ही दोघे शेवउसळीच्या बश्या बाजूला सारून बसलो.

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘सांकीरे’ या क्रियापदात आहे. एखादी गोष्ट पवित्र ठरवून तिला अभंग करणे, हा त्याचा अर्थ. इंग्रजीतला संत, म्हणजे ‘सेंट’, आणि अभयारण्याला लावला जाणारा ‘सँक्चुअरी’ हा शब्द त्याच घराण्यातले. हे वाचताना मला आईचे हळदकुंकू आठवले आणि तिला लॅटिन येत नव्हते हे किती बरे, असे उगीच वाटून गेले. पुढे रोमन कायद्यात ‘सांक्तिओ’ हे कायद्याच्या त्या भागाचे नाव झाले, ज्यात तो मोडणाऱ्याला कोणती शिक्षा होईल हे सांगितलेले असे. म्हणजे कायद्याला पावित्र्य देणारा आणि त्याच्या पाठीमागे दंडुका उभा करणारा शब्द पहिल्यापासून एकच होता. इंग्रजीत आल्यावर हे दोन अर्थ हळूहळू वेगळे राहू लागले, एवढेच. मान्यता देणे या अर्थाचे क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. राष्ट्राराष्ट्रांतल्या निर्बंधांसाठी तो शब्द सर्वतोमुखी झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, आणि १९३५ मध्ये अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चाल करून गेलेल्या इटलीवर राष्ट्रसंघाने निर्बंध लादले तेव्हा तर तो रोजच्या बातम्यांत येऊ लागला. त्या निर्बंधांत तेलाचा समावेश मात्र नव्हता, त्यामुळे इटलीच्या मोटारी थांबल्या नाहीत, हा भाग वेगळा.

नातीला इतिहासापेक्षा परीक्षेची काळजी अधिक होती, म्हणून मी तिला वापराची खूण सांगितली. एकवचनात, विशेषतः कोणाची तरी परवानगी अशा रचनेत आला, तर बहुधा मंजुरी समजावी. अनेकवचनात आला आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ दिसले, तर निर्बंध. क्रियापद जुन्या वळणाच्या लेखनात मान्यतेकडेच झुकते, पण ‘दंड करणे’ या अर्थानेही ते आता सर्रास वापरले जाते, आणि तिथे मागचेपुढचे वाक्य वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

खरी गंमत मला कायद्याच्या भाषेत दिसते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७ व्या कलमानुसार, सरकारच्या मंजुरीखेरीज ज्याला पदावरून दूर करता येत नाही अशा लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा, तर आधी सरकारचे सँक्शन लागे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमात आहे. फिर्यादीच्या दृष्टीने ती मंजुरी, आरोपीच्या दृष्टीने संकटाची पहिली पायरी, आणि कागद मात्र एकच. तो कागद टेबलाच्या कोणत्या बाजूने वाचला जातो, यावर पेढे आणायचे की वकील गाठायचा हे ठरते.

इंग्रजीला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, अशी शंका मला इथेच आली, कारण आपला ‘शासन’ हा शब्द तेच करतो. शासन अनुदान देते आणि गुन्हेगाराला शासनही होते. सयाजीराव महाराजांच्या कारभारात १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला जो कोश सिद्ध झाला, त्याच्या ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ या नावातच हा शब्द आहे. तिथे अर्थातच कारभार अभिप्रेत आहे, शिक्षा नव्हे, जरी तो जाडजूड ग्रंथ मांडीवर घेणाऱ्याला दोन्हींचा प्रत्यय येत असावा. त्या मानाने अरबीतून आलेला ‘मंजूर’ साधा. मुळात त्याचा अर्थ ‘पाहिलेला’, नजरेखालून गेलेला. कागद साहेबांनी नुसता पाहावा म्हणून वडिलांनी जे सात महिने काढले, त्यांच्याकडे पाहता तो अर्थ मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

एवढे झाल्यावर वही मिटून नात स्वयंपाकघरात गेली. नवरात्र तोंडावर होते आणि गरब्यासाठी रात्री एकपर्यंत मैत्रिणींबरोबर बाहेर राहण्याचा तिचा अर्ज आईपुढे दोन दिवस प्रलंबित होता. आतून बराच वेळ बोलण्याचा आवाज आला, मग भांडे जरा जोरात आपटल्याचा. ती परत आली आणि शेवउसळीची निवलेली बशी ओढून घेत म्हणाली, “आबा, झालं सँक्शन.”

“एकवचनी की अनेकवचनी?” मी विचारले.

“अनेकवचनी. अकरालाच घरी, आणि मोबाइलसुद्धा दहानंतर बंद.”