घासून न निघणारा डाग

लेकीचा वरचा पुढचा पक्का दात सातव्या वर्षी आला, तोच डागाळलेला. ती जन्मतःच ओठ आणि टाळू दुभंगलेली; हा दात ओठाच्या त्या फटीच्या बाजूचा, डावा. टोकाला खडूसारखा पांढरा, वर तपकिरी पट्टा आणि मधे नख अडकेल एवढा खळगा. मला वाटलं, ब्रश नीट होत नाहीये. रोज रात्री तिची हनुवटी धरून मी तो दात घासायचे. "आई, कळ येते गं," ती म्हणायची. "झालंच," म्हणत मी घासतच राहायचे. आठवलं की आजही पोटात तुटतं.

जवळच्या दवाखान्यात सांगितलं, चॉकलेट बंद करा. घरात चॉकलेट येतच नव्हतं.

शेवटी डेंटल कॉलेजमध्ये लहान मुलांच्या विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, ओठाचं ऑपरेशन कधी झालं? चौथ्या महिन्यात. टाळूचं? वर्षाची झाल्यावर. मग त्यांनी एक्स-रे दाखवत समजावलं. पुढच्या पक्क्या दातांवर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, चढायला बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच सुरुवात होते, हिरडीच्या आत. ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये फटीलगतच्या दाताचं इनॅमल पुष्कळदा कच्चं राहतं. दात बाहेर आला की ते बनवणाऱ्या पेशी उरत नाहीत, त्यामुळे ते पुन्हा भरून येत नाही. शेजारचा छोटा दात तर तयारच झाला नव्हता.

"तुमचं घासणं कमी पडलं नाही," मॅडम म्हणाल्या. 'ग्रहणात विळी हातात धरली असशील' हे मी सात वर्षं ऐकत आले होते. दवाखान्यात कुणीतरी दोष माझ्यावरून काढून घेतला, तो तेव्हा पहिल्यांदा.

मग मऊ ब्रश आला. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप, चिकट, पिवळसर. त्या रात्री ब्रश नाही, जेवायला मऊ वरणभात. खळगा दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटने भरला. एकदा तो तुकडा निघाला, पुन्हा बसवला. कच्च्या इनॅमलवर पकड कमी मिळते, हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. कॅप आत्ता नको. कोवळ्या दातात नस मोठी असते आणि हिरडीही अजून वर सरकायची आहे.

आता ती नऊची आहे. सुळा खाली यायच्या आत हिरडीतल्या फटीत कमरेचं थोडं हाड काढून बसवायचंय. सुळ्याचं मूळ किती वाढलंय ते पाहायला दिवाळीच्या सुट्टीत एक्स-रे आहे. फाइलमध्ये दोन्ही ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं सगळ्यात वर ठेवली आहेत.